नळाला पाणी नाही तर सरपंचाला फोन, नेट नाही तर कोणाला?

ऑडिओ डाउनलोड व्हायला वेळ लागतो, म्हणून बरेच जण आपला एपिसोड इथं येऊन वाचतात. आजचा विषय त्यांच्यासाठीच आहे. गावाचं इंटरनेट गावाच्या मालकीचं असू शकतं का? म्हणजे ग्रामपंचायत जशी पाणी देते, दिवाबत्ती करते, तसं नेट देऊ शकते का? आणि दिलं तर ते चालेल का?

थोडं माझ्याबद्दल. मी शिरूर तालुक्यातला, मामाचं गाव भीमेच्या पलीकडं दौंड तालुक्यात. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आठवड्यातले काही दिवस पुण्यात, बाकीचे घरून. घर गावठाणात नाही, वस्तीवर आहे. आणि आजची सगळी गोष्ट या 'वस्ती' शब्दात आहे.

शिरूर-दौंडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव हा नगर रोडचा पट्टा. तिकडं यवत, केडगाव, पाटस, कुरकुंभ हा सोलापूर रोडचा पट्टा. एमआयडीसी, हायवे, दौंड जंक्शन. इथं कंपन्या फायबर टाकतात, कारण गिऱ्हाईक एकमेकाला चिकटून राहतं. पण न्हावरे-चौफुला रस्त्यानं या आणि डावी-उजवीकडं आत शिरा. ऊस, मध्ये चार घरं, परत ऊस, मग सहा घरं. तिथं फायबरवाला येत नाही. चार घरांसाठी एक किलोमीटर केबल कोण ओढेल? त्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबरच आहे.

मग त्या चार घरांचं जातं काय? रील्स बघता येत नाहीत, एवढंच असतं तर मी एपिसोड केला नसता. पीक विम्यात नुकसान झालं तर ७२ तासांत कळवावं लागायचं. ई-पीक पाहणी ॲपवर. सीईटीनंतर कॅप राउंडला ऑप्शन भरायची शेवटची तारीख असते आणि साइट आधीच रडत असते. बँकेची केवायसी, पीएम किसानची केवायसी, सातबारा, सगळं ऑनलाइन. सरकारनं खिडकी बंद करून काम मोबाईलवर आणलं, म्हणजे नेट ही आता चैनीची गोष्ट राहिली नाही. ती रस्त्यासारखी झाली. आणि रस्ता फायद्यात असेल तरच बांधू, असं आपण म्हणत नाही.

कायद्यात पंचायतीला जागा आहे का?

तर आहे, पण अर्धी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची जी यादी आहे, तिच्यात ३१ व्या क्रमांकावर टपाल, तार, टेलिफोन, वायरलेस आणि तशीच इतर दळणवळणाची साधनं आहेत. म्हणजे टेलिकॉमचे नियम दिल्लीच करणार. पण ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि तिच्याबरोबर ११ वी अनुसूची आली. त्यात पंचायतींकडं सोपवता येतील असे २९ विषय आहेत. १३ व्या क्रमांकावर वाचा: रस्ते, मोऱ्या, पूल, फेरी, जलमार्ग आणि दळणवळणाची इतर साधनं. १४ व्यावर ग्रामीण विद्युतीकरण.

म्हणजे पंचायत नियम करू शकत नाही, पण नियमात बसून सेवा उभी करायला वाव आहे. त्याचे दोन दरवाजे सांगतो. पहिला, इंटरनेट सेवेचं लायसन्स. त्यात देशभरासाठी, राज्यासाठी आणि साधारण जिल्ह्याएवढ्या भागासाठी अशा तीन पायऱ्या ठेवलेल्या आहेत. २०२३ च्या टेलिकॉम कायद्यानं ही पद्धत बदलतेय, पण छोट्या भागाचा छोटा ऑपरेटर ही कल्पना जुनीच आहे. दुसरा दरवाजा म्हणजे पीएम-वाणी. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ही योजना मंजूर केली. यात पब्लिक वाय-फायचा पॉइंट चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी लागत नाही. चहाची टपरी चालेल, वाचनालय चालेल, ग्रामपंचायतही चालेल. जून २०२५ मध्ये ट्रायनं आदेश काढला, की अशा पॉइंटना २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन द्या, आणि दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावू नका. त्याआधी त्यांच्याकडून महागड्या लीज लाइनचे पैसे मागितले जायचे, तिथंच योजना अडली होती.

फायबर गावात आलंय, मग अडलंय कुठं?

आता तुमच्यातले काही म्हणतील, "अरे, भारतनेट आहे की!" बरोबर. २५ ऑक्टोबर २०११ ला केंद्रानं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, ही कल्पना. २०१५ मध्ये नाव बदलून भारतनेट झालं. डिसेंबर २०१७ मध्ये एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं काम स्वतःकडं घेतलं, त्याला आपण महानेट म्हणतो, ते महाआयटी बघते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित योजना आणली, १,३९,५७९ कोटींची.

एवढा पैसा, तरी वस्तीवर नेट का नाही? हे समजायला नेटवर्कचे तीन मजले लक्षात घ्या.

तळमजला म्हणजे जमिनीतलं किंवा खांबावरचं फायबर. काच आणि प्लास्टिक, बाकी काही नाही. नीट टाकलं तर वीस-पंचवीस वर्षं टिकतं. मधला मजला म्हणजे दोन टोकांची मशीन. एक्स्चेंजमध्ये ओएलटी असतं, तुमच्याकडं ओएनटी, म्हणजे तो लाईट लुकलुकणारा डबा. ही मशीन सात-आठ वर्षांत जुनी होतात. वरचा मजला म्हणजे सेवा: कनेक्शन देणं, बिल काढणं, "दादा, नेट गेलंय" हा फोन उचलणं.

भारतनेटची रचना अशी, की फायबर ग्रामपंचायत कार्यालयाच्या कपाटापर्यंत आणायचं. तिथून पुढं घराघरांत कोणी तरी न्यायचं. हा 'कोणी तरी' कोण, हे पहिल्या टप्प्यात पक्कं ठरलंच नव्हतं. सरकारी उत्तरांत 'सर्व्हिस रेडी' असा शब्द सापडतो. म्हणजे सेवेसाठी तयार. नळ बसवलाय, पाण्याचं बघू, असं.

दुसरी अडचण वायर कशी पसरवली याची. पहिल्या टप्प्यात ती एका सरळ रेषेत नेली. मध्ये कुठं जेसीबीनं खड्डा घेतला की पुढची सगळी गावं बंद. आणि आपल्याकडं जेसीबी रोज कुठं ना कुठं चालूच असतो. कधी पाइपलाइन, कधी रस्ता रुंदीकरण. म्हणून तर मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढावं लागलं, खोदण्याआधी खाली कोणाची केबल आहे ते विचारायला. नव्या योजनेत रिंग पद्धत आहे. एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं डेटा येतो. हा बदल खरंच चांगला आहे.

तिसरी गोष्ट, गणित. पहिल्या टप्प्यात एका ग्रामपंचायतीला १०० एमबीपीएस द्यायचं ठरलं होतं. ऐकायला भारी वाटतं. समजा गावात १५० घरांनी कनेक्शन घेतलं. संध्याकाळी आठ वाजता निम्म्या, म्हणजे ७५ घरांत व्हिडिओ चालू. १०० भागिले ७५, घरटी १.३ एमबीपीएस. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ लागतात. म्हणजे गोल फिरणारा चक्राकार बाण बघत बसायचं. तेच एक जीबीपीएस आणलं तर घरटी १३ येतात आणि सगळं सुरळीत चालतं. त्यामुळं 'गावात फायबर आलं का' एवढंच विचारून भागत नाही. किती जाडीचा पाइप आला, हेही विचारायचं.

आपल्याच राज्यातले धडे

हे सगळं नवीन आहे असं वाटू देऊ नका. १९९८ साली वारणेत हा प्रयोग झालाय. कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर वारणानगरच्या आसपासची ७० गावं कॉम्प्युटरनं जोडली. पैसे कोणी दिले? केंद्रानं ५० टक्के, राज्यानं ४० टक्के आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी १० टक्के. तेव्हा पुण्यातसुद्धा लोक सायबर कॅफेत जायचे! शेतकरी गावातल्या बूथवर जाऊन उसाचं वजन, खताचा हिशोब बघायचा. कारखान्याच्या गटऑफिसला हेलपाटे मारायचे वाचले. पुढं काय झालं? कॉम्प्युटर जुने झाले, लाईट जायची, आणि वापर मुख्यतः उसाच्या हिशोबापुरता राहिला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं. धडा असा, की मशीन बदलत राहतात. मधल्या मजल्यावर जास्त पैसा अडकवू नका.

दुसरा प्रयोग पालघरमधला. आयआयटी मुंबईत प्रा. अभय करंदीकर यांच्या टीमनं 'ग्राम मार्ग' नावाचं काम केलं. टीव्ही चॅनेलच्या वापरात नसलेल्या लहरींवरून गावांना नेट दिलं. आधी सात गावं, मग २५. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलर. पण मला त्यातली रेडिओपेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्यांनी सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीत तिसरा भागीदार घातला, पंचायत. पंचायतीचा पैसा आणि शब्द आत असेल, तर गाव त्या खांबाची राखण करतं.

आता तिसरा धडा, जरा कडू. घोड नदी ओलांडली की नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथं श्रीरामपूरला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. सभासदांच्या मालकीची, चाळीस वर्षं वीज वाटणारी. पण वीज मंडळाकडून घेतलेल्या विजेची थकबाकी वाढत गेली, वाद कोर्टकचेरीत गेले आणि २०११ च्या सुरुवातीला परवाना संपल्यावर वितरण महावितरणकडं गेलं. हे शिरूर-दौंडकरांना वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत. मालकी सभासदांची असणं आणि कारभार नीट चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण लहानपणापासून बघतोय.

बाहेर काय झालं?

स्टॉकहोम शहरानं १९९४ मध्ये स्टोकाब नावाची स्वतःची कंपनी काढली. ती फक्त तळमजला बांधते. फायबर टाकते आणि सगळ्या कंपन्यांना सारख्या दरात भाड्यानं देते. रस्ता एकदाच खोदायचा, त्यावर गाड्या कोणाच्याही. अमेरिकेत चॅटनूगा शहराची स्वतःची वीज कंपनी आहे. तिनं विजेच्या जाळ्यासाठी फायबर टाकलं आणि २०१० मध्ये त्याच फायबरवरून सगळ्या गिऱ्हाइकांना एक जीबीपीएसचा पर्याय दिला. केंद्राकडून ११ कोटी डॉलरहून जास्त मदत मिळाली होती, हेही सांगायला हवं. तिथल्या केबल कंपन्या कोर्टात गेल्या. आजही अमेरिकेत डझनभराहून जास्त राज्यांत शहरांनी नेट देण्यावर कायद्यानं अडथळे आहेत.

आणि पडलेलं उदाहरण, युटा राज्यातलं प्रोव्हो शहर. त्यांनी कर्ज काढून नेटवर्क बांधलं, ते तोट्यात गेलं आणि २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला विकलं. कर्ज मात्र शहराकडंच राहिलं, नागरिक फेडत बसले.

आपल्या देशात आंध्रनं विजेच्या खांबांवरून फायबर नेलं आणि शेवटचा टप्पा स्थानिक केबलवाल्यांना दिला. नेट, टीव्ही आणि फोन मिळून महिना १४९ रुपयांपासून सुरुवात केली होती. केरळनं ५ जून २०२३ ला के-फॉन सुरू केलं, तेही वीज मंडळाच्या खांबांवरून. लक्षात घ्या, ही राज्याची नेटवर्क आहेत, गावाची नाहीत. पण दोन्हीकडं जुने खांब आणि जुने केबलवाले कामी आले.

मामेभावाचा प्रश्न

माझा मामेभाऊ दौंड तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे. त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा, पाणीपट्टी वसूल करता करता आम्ही दमलोय. त्यात नेटपट्टी कुठं लावतो? आणि रात्री अकराला लोक मला फोन करतील ते वेगळंच."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. आकडे उदाहरणापुरते घ्या. ४०० घरांचं गाव, १५० कनेक्शन, ३०० रुपये महिना. जमा ४५,०००. त्यात ३० टक्के लोकांनी थकवलं तर हातात ३१,५००. एका तंत्रज्ञाला १५,००० दिले, उरले १६,५००. यात बाहेरून आणायची बँडविड्थ, बॅटरी, केबल जोडणी, खराब राउटर. एखादा मोठा कट झाला की महिना तोट्यात. म्हणजे एका गावानं एकट्यानं तिन्ही मजले चालवायचे म्हटलं, तर अवघड आहे.

मग मार्ग काय? मला तीन गोष्टी पटतात.

एक, पंचायतीनं फक्त तळमजल्याची मालकी घ्यावी. कार्यालयापासून वस्त्यांपर्यंतचं फायबर, खांब, पाण्याच्या टाकीवरची जागा. पुढची सेवा स्थानिक केबलवाल्याला किंवा गावातल्या आयटीआय झालेल्या पोराला करारानं द्यावी. भारतनेटमध्ये स्थानिक उद्योजकाला निम्मा वाटा देण्याची पद्धत आहेच. करार तीन वर्षांचा करा. काम नीट केलं नाही तर माणूस बदलता येतो, वायर गावाचीच राहते. आज उलटं आहे. कंपनी गेली की वायरही गेली.

दोन, चार-पाच गावांनी मिळून करावं. ६०० कनेक्शन झाली की दोन तंत्रज्ञ परवडतात. एक सुट्टीवर गेला तर दुसरा असतो. बँडविड्थही घाऊक भावात मिळते.

तीन, प्रत्येक वस्तीवर फायबरचा हट्ट नको. २०१८ मध्ये सरकारनं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केला. पाण्याच्या टाकीवर एक रेडिओ, वस्तीवर घराच्या वर एक, समोरासमोर दिसले पाहिजेत. काही किलोमीटर आरामात जातं. फक्त पाइप उंच लावा. जूनमध्ये टेस्ट केली तेव्हा सगळं मोकळं दिसतं आणि डिसेंबरात मध्ये दहा-बारा फूट ऊस उभा असतो!

पैशाचं म्हणाल तर १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे आराखड्यात घालता येत होते. अशा निधीतून काय करायचं, ते गावाच्या आराखड्यात ठरतं, आणि आराखडा ग्रामसभेत. आणि गावानं मनावर घेतलं तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. आपल्या शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची झेडपी शाळा गावकऱ्यांच्या जमिनीवर आणि कष्टावर उभी राहिली. पाबळला विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब आली, एमआयटीच्या बाहेरच्या जगातल्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. त्यामुळं 'हे आपल्याला जमणार नाही' हे कारण मला पटत नाही.

पण एक अट आहे. गावाच्या मालकीच्या नेटवर कोण काय बघतं, हे गावातल्या कोणालाही कळता कामा नये. राउटरचा पासवर्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात बरंच काही असतं. निवडणुकीच्या दिवसांत विरोधी पॅनेलच्या घराचं नेट 'नेमकं' बंद पडलं तर? कंपनी लांबची असते, तिला तुमच्या भावकीशी देणंघेणं नसतं. गावाला असतं. म्हणून तक्रारींची नोंद उघडी हवी, कनेक्शन कापायचा नियम लेखी हवा आणि लॉग बघायचा अधिकार सरपंचालाही नको.

तुम्ही काय करायचं

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी होते. कोरमला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लागतात. आपल्या वयाची पोरं तिथं जात नाहीत. यावेळी जा आणि पाच प्रश्न विचारा. आपल्या कार्यालयात भारतनेट किंवा महानेटचा डबा आहे का? तो चालू आहे का, आत्ता दाखवा. किती एमबीपीएस येतात? बंद पडला तर तक्रार कोणाकडं जाते, नंबर काय? आणि शाळा, अंगणवाडी, दवाखाना आणि सगळ्यात लांबची वस्ती जोडायला काय लागेल, त्याचं अंदाजपत्रक पुढच्या सभेत ठेवाल का?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. तोंडी उत्तर पुढच्या ग्रामसभेपर्यंत टिकत नाही.

मामेभाऊ अजून पूर्ण तयार नाही. पण त्यानं एक केलं. शेजारच्या तीन गावांच्या सदस्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि सगळ्यांना आपापल्या कार्यालयातल्या डब्याचा फोटो टाकायला सांगितलं. बघू कोणाचा लाईट हिरवा आहे. तुमच्या गावातल्या डब्याचा लाईट कुठला आहे, ते आम्हाला व्हॉइस नोट पाठवून कळवा. उत्तरं आली की त्यावर एक एपिसोड करू.

तोवर भेटू पुढच्या आठवड्यात. रेंजमध्ये राहा!